झाकली मूठ आणि भागधारकांचं रजिस्टर

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणाऱ्या ताई ३६ वर्षांच्या आहेत, सीए आहेत. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत त्यांच्या कुटुंबाची फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, आहे. आजोबांनी सुरू केलेली, आता प्रायव्हेट लिमिटेड, उलाढाल ६० कोटींच्या घरात. बाबांची बायपास झाली तेव्हा पुण्यातली नोकरी सोडून त्या हिशेब सांभाळायला घरी आल्या. कंपनीचे ८० टक्के शेअर बाबा आणि काका यांच्याकडे निम्मे-निम्मे आहेत. उरलेले आई, काकू आणि आत्या यांच्या नावावर, “ज्यांच्या सह्या सभेच्या वेळी घरी जाऊन आणल्या जातात.” भंगार पुरवणारी फर्म चुलत भावाची. दुसरी शेड ज्या प्लॉटवर आहे तो काकांच्या नावावर, आणि कंपनी त्यांना भाडं देते. दर कसा ठरतो, भाडं कधी वाढलं, असं विचारलं की उत्तर मिळतं, “आपलंच तर आहे!” आता एका मर्चंट बँकरने (शेअर विक्री जुळवून देणाऱ्या सल्लागाराने) एसएमई आयपीओचा, म्हणजे शेअर बाजाराच्या लहान कंपन्यांसाठीच्या मंचावर लोकांना शेअर विकण्याचा, प्रस्ताव आणलाय: २७ टक्के शेअर लोकांना द्यायचे. ताईंना वाटतं, बाहेरचे मालक आले की वह्या आपोआप उघडतील. बाबा म्हणतात, “झाकली मूठ सव्वा लाखाची.” काकांचा ठाम नकार आहे. ताई विचारतात, “मालकी घरातच राहिली तर पारदर्शकता येणारच नाही का? मी आयपीओसाठी हट्ट धरू, की राजीनामा देऊन मोकळी होऊ?”

उत्तर:

ताई, तुमचा शेवटून दुसरा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. मालकी घरात राहूनही कारभार उघडा असू शकतो. मालकी बाहेर गेली म्हणून तो उघडा होईलच, याची मात्र कोणी हमी देऊ शकत नाही. तरीही या दोन गोष्टींचा काहीतरी संबंध आहे हे तुम्हाला जाणवलं, ते बरोबर आहे. तो कुठे आहे ते नीट पाहिलं, तर आयपीओचा प्रश्न बराच हलका होईल.

कंपनीचा वार्षिक अहवाल कोणासाठी लिहिला जातो? जो आत बसलेला नाही त्याच्यासाठी. तुमच्या बाबांना महिना कसा गेला हे कळायला ताळेबंद लागत नसणार. सकाळी शेडमधून एक फेरी मारली, भट्टीवर किती हीट झाल्या आणि डिस्पॅचला किती गाड्या लागल्या एवढं पाहिलं, की त्यांना अंदाज येतो. काकांचंही तेच. सगळे मोठे मालक आतच असले की माहिती तोंडी फिरते, आणि कागद तयार होतो तो आयकर, बँक आणि आरओसी (कंपन्यांचं सरकारी नोंदणी कार्यालय) यांच्यापुरता. यात लबाडी असतेच असं नाही. गरज नसते म्हणून कागद रोडावतो. पुढे त्या रोडावलेल्या कागदाचा कोणीतरी फायदा घेतो, किंवा घेतला असेल असा संशय तरी येतो. तुमच्या घरात आत्ता हा दुसरा टप्पा चालू आहे.

अभ्यासकांनी यावर पुष्कळ काम केलंय. हाँगकाँग आणि सिंगापूरच्या नोंदणीकृत कंपन्यांवरचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाहेरच्यांकडे शेअर जितके जास्त, तितकी कंपनी कायद्यापलीकडे जाऊन स्वतःहून जास्त माहिती देते, आणि घराण्याच्या ताब्यातल्या कंपन्या कमी देतात, असं त्यात दिसलं. म्हणजे तुमचं म्हणणं. पण अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांवरचा २००७चा अभ्यास वेगळं चित्र दाखवतो. तिथे घराण्यांच्या कंपन्यांचे नफ्याचे आकडे जास्त विश्वासार्ह निघाले आणि वाईट बातमी त्या लवकर सांगतात असं आढळलं. एकाच बाबतीत त्या मागे होत्या: कंपनीचा कारभार कसा चालतो, निर्णय कोण आणि कसे घेतो, याबद्दल त्या कमी बोलत होत्या. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. तुमच्या पत्रातही तुम्ही नफ्याच्या आकड्यावर शंका घेतलेली नाही. तुमची तक्रार भंगाराचा दर आणि शेडचं भाडं ठरतं कसं, याबद्दल आहे.

आता दुसरी बाजू. आपल्या देशात हिशेबांचा सर्वात गाजलेला घोटाळा ज्या कंपनीत झाला, तिथे प्रवर्तकांची (कंपनी उभी करून चालवणाऱ्यांची) मालकी मोठी नव्हती. सत्यम कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीत शेवटच्या वर्षांत प्रवर्तकांकडे १० टक्क्यांहूनही कमी शेअर होते. बाकी सगळी मालकी बाहेरची: म्युच्युअल फंड, परदेशी संस्था, सामान्य गुंतवणूकदार. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदणी, नामांकित ऑडिटर, संचालक मंडळावर मान्यवर स्वतंत्र संचालक. सप्टेंबर २००८मध्ये कंपनीला सुशासनाचं पारितोषिकही मिळालं. आणि ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकीतले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत.

त्या पत्रातलं एक वाक्य तुमच्या प्रश्नाशी थेट भिडतं. प्रवर्तकांचा हिस्सा कमी असल्यामुळे, कामगिरी खराब दिसली तर कंपनी दुसरं कोणी ताब्यात घेईल आणि आकड्यांमधली तफावत उघडी पडेल, अशी भीती होती, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. म्हणजे मालकी विखुरलेली होती आणि तेच झाकण्याचं एक कारण ठरलं. शेअर बाहेर वाटले की वह्या उघडतात हे गृहीतक इथेच मोडतं.

पण सत्यमच्याच गोष्टीत आणखी एक प्रसंग आहे. कबुलीच्या तीन आठवडे आधी, १६ डिसेंबर २००८ रोजी, सत्यमच्या संचालक मंडळाने राजू कुटुंबाच्याच दोन मेटास कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं. स्वतंत्र संचालक बैठकीत होते, तरी प्रस्ताव मंजूर झाला. मग संस्थात्मक गुंतवणूकदारांनी विचारलं, सॉफ्टवेअर कंपनीचा पैसा घरच्या बांधकाम कंपनीत का चाललाय? न्यूयॉर्कला शेअर एका सत्रात अर्ध्याहून खाली आला आणि काही तासांत व्यवहार मागे घ्यावा लागला. तेच गुंतवणूकदार त्याआधीही मालक होते, टक्केवारीही तीच होती. त्या रात्री फरक एवढाच पडला की प्रश्न विचारण्याजोगा एक व्यवहार त्यांना स्पष्ट दिसला आणि त्यांनी विचारलं. प्रवर्तकांनी स्वतःचे शेअर गहाण टाकलेत हे मात्र लोकांना वेळेवर दिसलेलं नव्हतं. म्हणून शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने त्याच जानेवारीत गहाण शेअर जाहीर करण्याची सक्ती केली.

माझ्या दृष्टीने सगळं इथे आहे. कंपनी उघडी किती, हे तिच्या मालकांपैकी आत न बसलेल्या माणसाला काय दिसतं आणि विचारल्यावर उत्तर मिळतं का, यावर ठरतं. सरकारी कंपन्यांकडे पाहा. मालकी जवळजवळ एकाच हातात असूनही कॅगची (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांची) देखरेख असते आणि माहिती अधिकारात सामान्य माणूस अर्ज टाकू शकतो. सगळा कारभार त्याने सुधारतो असं मी म्हणणार नाही, पण विचारायचा रस्ता तरी आहे.

आता तुमच्या आयपीओकडे या नजरेने पाहा. २७ टक्के शेअर बाहेर गेल्यावर कुटुंबाकडे ७३ टक्के राहतील. विशेष ठरावाला, म्हणजे मोठ्या निर्णयांसाठीच्या ठरावाला, झालेल्या मतदानाच्या तीन चतुर्थांश मतं लागतात, आणि बाहेरचे सगळे कधीच मतदानाला येत नाहीत. थोडक्यात, घर एकत्र राहिलं तर जवळजवळ जे हवं ते मंजूर होईल. एसएमई मंचावरच्या कंपनीला निकाल सहा महिन्यांनी द्यावे लागतात, मुख्य बाजारासारखे दर तिमाहीला नाही. इंड-एएस हे जास्त तपशील मागणारे लेखामानकही तिथे सक्तीचे नाहीत. सेबीने २०२५मध्ये नियम बरेच आवळले, हे खरं. जुन्या भागधारकांना आपले शेअर विकायचे असतील तर ते एकूण इश्यूच्या २० टक्क्यांपर्यंतच विकता येतात. आलेल्या पैशातून प्रवर्तकाचं किंवा त्याच्या नातेवाइकांचं कर्ज फेडता येत नाही. ठरावीक आकाराच्या वरच्या एसएमई कंपन्यांना घरच्या मंडळींशी केलेल्या व्यवहारांचे कडक नियमही लागू झाले आहेत. हे सगळं चांगलंच आहे. पण तिथे अर्जाची किमान रक्कमच २ लाखांच्या वर आहे, आणि अर्ज करणाऱ्यांतल्या पुष्कळांची नजर लिस्टिंगच्या, म्हणजे शेअर बाजारात नोंदणी होण्याच्या, दिवशीच्या भावावर असते. कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीला भंगार कोणत्या दराने मिळतं, हे त्यांच्यातलं कोण विचारणार?

शिवाय प्रॉस्पेक्टसच्या (शेअर विक्रीआधी छापायच्या माहितीपत्रकाच्या) मसुद्यातच नातेवाइकांशी झालेले मागच्या तीन वर्षांचे व्यवहार छापावे लागतात. म्हणजे जे घरात काकांना विचारता येत नाही ते एकदम देशभर छापून येईल. काकांचा नकार मला याच दिशेने समजतो. घरातली वाटणी, कोणाचा प्लॉट, कोणाची शेड, याबद्दल भावाभावांत काही लेखी ठरलं असेल, तर लिस्टिंगनंतर तेही खासगी राहीलच असं नाही. कंपनीच्या व्यवस्थापनावर किंवा नियंत्रणावर परिणाम करणारे प्रवर्तकांमधले करार जाहीर करण्याचा नियम सेबीने २०२३मध्ये आणला. किर्लोस्कर घराण्यातल्या २००९च्या कौटुंबिक करारनाम्यावरून त्यांच्या काही कंपन्या आणि सेबी यांच्यात उभा राहिलेला वाद न्यायालयापर्यंत गेला, तो याच मुद्द्यावर. त्यात बाजू कोणाची खरी हे न्यायालय ठरवेल. तुमच्यासाठी त्यातून एवढंच घ्यायचं की भावाभावांतले प्रश्न आधी कागदावर मिटवा, मग बाजारात जा. उलट क्रमाने गेलेल्यांची फरफट होते.

आता बाबांच्या झाकल्या मुठीबद्दल. त्यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. मार्जिन दिसलं की गिऱ्हाईक दर पाडून मागतं आणि दोन शेड पलीकडचा फाउंड्रीवाला त्याच ऑर्डरवर टपून बसतो, हे कोल्हापुरात कोणाला सांगायला नको. पण ती मूठ नक्की कोणापासून झाकलेली आहे ते एकदा त्यांच्यासोबत बसून तपासा. ट्रॅक्टर किंवा पंपाच्या मोठ्या कंपनीचा परचेस विभाग दर ठरवताना कॉस्टिंग शीट मागतो: धातू, मेल्टिंग लॉस, फेटलिंग, रिजेक्शन, ओव्हरहेड, आणि खाली नफ्याची टक्केवारी. ती शीट तुमच्याकडूनच भरून जाते. बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जातं. आरओसीकडे दरवर्षी भरलेला तुमचा ताळेबंद कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडं शुल्क भरून कोणीही पाहू शकतं, तो दोन शेड पलीकडचा स्पर्धकसुद्धा. मग राहिलं कोण? रजिस्टरमध्ये नाव आहे पण ज्यांना काहीच दिसत नाही अशा तुमच्या घरात तीन जणी आहेत. आई, काकू आणि आत्या.

ताई, तुम्ही हे पत्रात जाता जाता लिहून गेलात, आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. तुम्ही बाहेरच्या मालकांची वाट पाहताय. ते तुमच्याकडे आधीच आहेत, २० टक्के. कायद्याने त्या भागधारक आहेत. सभेच्या किमान २१ दिवस आधी ऑडिट झालेल्या हिशेबाची प्रत मिळणं हा त्यांचा हक्क आहे. त्यांच्या घरी जातं काय, तर हजेरीचा कागद, सहीसाठी. आणि ही सही गणपूर्तीलाही लागत नाही. प्रायव्हेट कंपनीच्या सभेला दोन सभासद प्रत्यक्ष हजर असले की पुरे, बाबा आणि काका पुरेसे आहेत. न आलेल्या बाईला हजर दाखवण्याची ही निव्वळ सवय आहे. तुम्ही सीए आहात, तेव्हा इतिवृत्तात खोटी हजेरी लिहिणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. तिथून सुरुवात करा. २० टक्के मालकांना जी कंपनी हिशेबाची प्रत देत नाही, ती २७ टक्के अनोळखी मालकांना मनापासून काही देईल यावर माझा विश्वास बसत नाही.

आता काका. तुमच्या पत्रात त्यांच्यावर आरोप नाही, पण प्रत्येक वाक्यात संशय आहे. तो खरा आहे की नाही, हे तुम्ही अजून तपासलेलं दिसत नाही, आणि तपासायची साधनं तुमच्याच टेबलावर आहेत. मागच्या बारा महिन्यांचं खरेदी रजिस्टर काढा. चुलत भावाच्या फर्मची बिलं एका रकान्यात, बाकी पुरवठादारांची दुसऱ्या रकान्यात, एकाच आठवड्यातल्या एकाच प्रतीच्या मालाची. सीआरसी (पत्र्याचं) भंगार सीआरसीशीच ताडायचं, बोरिंग (धातूचा चुरा) बोरिंगशी. नुसता दर पाहून थांबू नका, पुढचे तीन रकाने जास्त बोलके असतात. गंज-मातीपोटी वजनात घट किती धरली? रिजेक्ट होऊन गाडी परत किती वेळा गेली? आणि पैसे किती दिवसांत दिले? दर सगळ्यांना सारखाच, पण बाकीच्यांना ६० दिवसांनी आणि घरच्या फर्मला आठव्या दिवशी, असं असेल तर फायदा तिथे आहे. वर्षभराचं व्याज मांडलं की आकडा समोर येतो. उलटही निघू शकतं. बाकीचे पुरवठादार रोख मागत होते तेव्हा याच फर्मने उधारीवर माल टाकून भट्टी चालू ठेवली असेल.

भाड्याचंही तसंच. ते बाजारभावापेक्षा जास्त असेल असं तुम्ही धरून चाललाय. कमी असलं तर? मग कंपनीचा नफा आहे त्यापेक्षा फुगलेला दिसतोय आणि काका दरवर्षी कंपनीला काहीतरी सोडतायत, ज्याची नोंद कुठेही नाही. असं असेल तर उघडपणा काकांच्या बाजूने बोलेल. ही गोष्ट त्यांच्यासमोर आधी मांडा, आणि मनापासून मांडा. कागदपत्रंही पाहून घ्या. प्लॉट एमआयडीसीचा असेल तर तो काकांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळालेला असतो. दुसऱ्याला, अगदी स्वतःच्या कंपनीलाही, तो वापरायला द्यायचा तर एमआयडीसीची परवानगी लागते. करार नोंदवलेला आहे का तेही बघा. काकांच्या माघारी हा प्लॉट कोणाकडे जाणार आणि कंपनीची शेड तिथे राहणार की नाही, हा प्रश्न भाड्याच्या आकड्याहून कितीतरी मोठा आहे.

हिशेबातली ‘रिलेटेड पार्टी’ची, म्हणजे घरच्या माणसांशी आणि त्यांच्या फर्मशी झालेल्या व्यवहारांची, टीप बहुधा शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असते. लेखामानक १८प्रमाणे तिथे नाव, नातं, व्यवहाराचं स्वरूप, वर्षभराची रक्कम आणि वर्षअखेरची बाकी हे सगळं यायला हवं. चुलत भाऊ हा संचालकाचा मुलगा आहे, त्यामुळे त्याची फर्म यातून सुटत नाही. तुमच्या कंपनीची टीप उघडून बघा. पुष्कळ कुटुंबांच्या कंपन्यांत तिथे पगार आणि भाडं तेवढं असतं, खरेदी गायब असते. ती पुरी करून घेणं हे ऑडिटरचं काम आहेच, पण आकडे त्यांना देणाऱ्या तुम्ही आहात. त्याखाली स्वतःहून दोन ओळी वाढवा: दर कशाच्या आधारे ठरला आणि पैसे किती दिवसांत दिले. कायदा हे मागत नाही. म्हणूनच त्याला किंमत आहे.

एक गोष्ट लक्षात असू द्या. नातेवाइकाशी व्यवहाराला भागधारकांची मंजुरी लागते तेव्हा पब्लिक कंपनीत त्या नातेवाइकाला मत देता येत नाही. प्रायव्हेट कंपनीला या अटीतून सूट आहे. म्हणजे काका स्वतःच्या मुलाच्या फर्मचा दर स्वतःच्या मताने मंजूर करू शकतात आणि ते कायदेशीरच असतं. तुम्ही एवढंच सुचवा: अशा विषयावर ज्याचा संबंध आहे त्याने बैठकीत गप्प बसायचं, आणि ते इतिवृत्तात लिहायचं. हाच नियम बाबांनाही, आणि उद्या तुमच्या नवऱ्याची एखादी फर्म पुरवठादार झाली तर तुम्हालाही. नियम फक्त काकांसाठी केलाय असं दिसलं तर तो एका वर्षात मोडेल.

आयपीओशिवाय आणखी एक वाट मर्चंट बँकर दाखवतील: खासगी गुंतवणूकदाराला १५-२० टक्के देणं. तो खरोखर विचारतो, दर महिन्याचा अहवाल मागतो, संचालक मंडळावर आपला माणूस बसवतो. शिस्त लवकर येते. पण करारातले माहितीचे हक्क त्याचे एकट्याचे असतात. आत्यांना तेव्हाही काही कळणार नाही, आणि काही वर्षांनी त्याला पैसे काढून बाहेर पडायचं असतं, तेव्हा तोच तुम्हाला बाजारात ढकलेल. नव्या भट्टीसाठी भांडवल लागत असेल तर या वाटेचा जरूर विचार करा. फक्त काकांना वठणीवर आणण्यासाठी नको. घरातलं भांडण मिटवायला आणलेलं भांडवल फार महाग पडतं.

राजीनामा? आत्ता नको, असं मी ठामपणे सांगेन. घरात ताळेबंद वाचता येणारी बहुधा तुम्ही एकटीच आहात. मात्र एक रेघ आखून घ्या आणि बाबांना शांतपणे सांगून ठेवा. बँकेला जाणारं स्टॉक स्टेटमेंट वह्यांशी जुळत नसेल तर त्यावर तुमची सही होणार नाही. ५ कोटींच्या वर खेळत्या भांडवलाची मर्यादा असेल, तर ही विवरणं वह्यांशी जुळतात का, यावर ऑडिटरला आता अहवालात लिहावं लागतं. मागच्या तारखेच्या नोंदी तुमच्या लॉगिनवरून होणार नाहीत. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग सक्तीचा आहे. कोणती नोंद कधी बदलली ते त्यात दिसतं, आणि तो बंद करून ठेवणं चालत नाही. ही रेघ कोणी ओलांडायला लावली, तर मात्र राजीनामा द्या, कारण सीएचं सदस्यत्व तुमचं आहे, कंपनीचं नाही.

अशीच आणखीही पत्रं येतात, म्हणून दोन शब्द इतरांसाठी. भावाच्या किंवा सासरच्या कंपनीत तुमच्या नावावर शेअर असतील आणि फक्त सहीसाठी कागद येत असतील, तर सही करण्याआधी हिशेबाची प्रत मागा. भांडायची गरज नाही, “मला वाचायला पाठवा” एवढं पुरतं. नोंदणीकृत कंपनीचे शेअर घेणाऱ्यांनी दर तिमाहीला शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येणारा भागधारणेचा तक्ता पाहावा. प्रवर्तकांकडे ७० टक्के आहेत की ३०, यावरून मत बनवू नका. त्यातले किती गहाण आहेत ते पाहा. मग वार्षिक अहवालातली रिलेटेड पार्टीची टीप मागच्या वर्षीच्या टिपेशेजारी ठेवा. नवं नाव कोणतं आलं, कोणाची येणं-बाकी वाढत चाललीय, हे त्यात कळतं. प्रवर्तकांची मालकी मोठी असूनही ही टीप सविस्तर लिहिणाऱ्या कंपन्या आहेत, आणि विखुरलेल्या मालकीच्या आडोशाने ती आटोपती घेणाऱ्याही.

ताई, या वर्षीची सभा ३० सप्टेंबरच्या आत होणार. म्हणजे ऑगस्टअखेर हिशेब तयार हवेत. बाबांशी आयपीओचा विषय सध्या काढूच नका. त्यांना एवढंच म्हणा: “या वेळी आई, काकू आणि आत्या यांना हिशेबाची प्रत वेळेवर द्यायची, आणि सभेला बोलवायचं. सह्या तिथेच होतील.” याला नाही म्हणणं त्यांना जड जाईल, कारण यात कुठलीच मूठ बाहेरच्यासमोर उघडत नाही. प्रतीसोबत मराठीत दोन पानांचं टिपण जोडा: यंदा विक्री किती, नफा किती, कर्ज किती, घरच्या कोणाला किती पैसे आणि कशासाठी गेले. टिपण आधी काकांना दाखवा, त्यांना काही बदल हवा असेल तर ऐका, आकडा सोडून. अशी दोन-तीन वर्षं गेली, आणि तेव्हाही कंपनीला भांडवलाची गरज असली, तर मर्चंट बँकरला पुन्हा बोलवा. तोवर प्रॉस्पेक्टसमध्ये काय छापावं लागेल हे घरात सगळ्यांना माहीत झालेलं असेल.

आणि सभेत आत्यांनी शेडच्या भाड्याबद्दल विचारलंच, तर उत्तर तुम्ही देऊ नका. काकांना देऊ द्या.